नोव्हेंबरपर्यंत कुणाचेच नाही

"कुठल्या क्लबचा?" फुटबॉलच्या गप्पांत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि 'अजून ठरलं नाही' हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. विचारणारा लगेच आपलाच क्लब गळ्यात मारायला बघतो. म्हणून बहुतेकांचा क्लब ठरत नाही, चिकटतो. बघायला सुरुवात केली त्या वर्षी जो जिंकत होता तो, नाहीतर मोठ्या भावाचा, नाहीतर व्हिडिओ गेममध्ये हाताला लागलेला. चिकटलेला क्लबही जन्मभर पुरतो, त्यात वावगं काही नाही. पण ज्याला जन्मगावाचा किंवा घराण्याचा क्लब नाही आणि जो बहुतांशी पडद्यावरच फुटबॉल बघणार, त्याला निवडीची मोकळीक आहे. त्या निवडीची एक रीत आम्ही काही मोसम चालवली, मोडली, दुरुस्त केली. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो. नोव्हेंबरच्या इंटरनॅशनल ब्रेकपर्यंत, म्हणजे देशांच्या संघांचे सामने असतात म्हणून क्लबांचे थांबतात तोवर, दहा-अकरा फेऱ्या होतात. तोवर कुणाचंच व्हायचं नाही, ही एकच अट.

सुरुवात क्लबपासून करायची नाही, लीगपासून करायची. युरोपातल्या पाच मोठ्या लीगमध्ये मिळून ९६ क्लब आहेत: इंग्लंड, स्पेन, इटलीत २०-२०, जर्मनी आणि फ्रान्समध्ये १८-१८. एवढी नावं समोर ठेवून कुणालाच काही सुचत नाही. पहिली चाळणी घड्याळाची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे शनिवारचे सामने तिथल्या साडेबारा, तीन आणि साडेपाचला असतात. जर्मनीच्या बुंडेसलीगाचे बहुतेक शनिवारी साडेतीनला एकदमच सुरू होतात. स्पेनच्या ला लीगाचा मोठा सामना रात्री नऊला. चार आठवड्यांचं वेळापत्रक घेऊन यांतले किती सामने आपण जागे आणि मोकळे असताना पडतात ते मोजायचं. चारपैकी तीन आठवडे जमत नसेल तर ती लीग सोडून द्यायची, मग तिथला क्लब कितीही देखणा असो. रेकॉर्डिंग बघू म्हणणारे दुसऱ्या महिन्यात हायलाइट्सवर येतात. आणखी एक खाच: युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. ज्यांच्याकडे घड्याळं बदलत नाहीत त्यांच्यासाठी त्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंत प्रत्येक सामना एक तास उशिरा सरकतो. ऑगस्टमध्ये जेमतेम जमणारी वेळ नोव्हेंबरात जमत नाही.

प्रक्षेपणाचंही आधीच बघून ठेवावं. लीग, देशातली कप स्पर्धा आणि युरोपातली स्पर्धा यांचे हक्क बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात, त्यामुळे एका वर्गणीत क्लबचे सगळे सामने मिळतील हे गृहीत धरायचं नाही. जूनमध्ये निघालेल्या वेळापत्रकातली तारीख कच्ची समजायची. टीव्हीसाठी सामने निवडले गेले की शनिवारचा सामना रविवार-सोमवारवर जातो आणि कपमधली आगेकूच लीगचा सामना कित्येक आठवडे पुढे ढकलते.

लीग ठरली की तीन क्लब घ्यायचे. तीनच, कारण आठवड्याला तीन पूर्ण सामने म्हणजे जवळजवळ सहा तास, आणि त्याहून जास्त कुणाच्यानं होत नाही. दोनच घेतले तर बघणारा पहिल्या दिवशीच एकाची बाजू धरून बसतो. तिघांपैकी एक मागच्या मोसमात पहिल्या चारांत आलेला, एक आठव्या ते तेराव्या क्रमांकातला आणि एक खालच्या विभागातून नुकताच वर आलेला. हा तिसरा घ्यायला लोक कुरकुरतात: तो लगेच परत खाली जाणार, मग जीव कशाला लावायचा? भीती खरी आहे. प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ आणि २०२४-२५ असे लागोपाठ दोन मोसम वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी खाली गेले. तरी तो घ्यायचाच. प्रत्येक गुणासाठी झगडणारं फुटबॉल कसं दिसतं ते तिथे कळतं आणि बाकीच्या दोघांना मोजायला माप मिळतं.

यादी करताना हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली, खेळाडूवरून क्लब धरण्याची. मेस्सीसाठी बार्सिलोना धरलेल्यांना ऑगस्ट २०२१ मध्ये पॅरिस गाठावं लागलं आणि जुलै २०२३ मध्ये मायामी. रोनाल्डोच्या मागे जाणाऱ्याची २०१८ च्या उन्हाळ्यापासून साडेचार वर्षांत माद्रिद, तुरिन, मँचेस्टर, रियाध अशी यात्रा झाली. माणसाचा चाहता असण्यात कमीपणा नाही. कित्येकजण क्लब नव्हे तर खेळाडूच बघतात आणि मनापासून बघतात. फक्त तसं असेल तर तसं म्हणावं, म्हणजे पुढे क्लबवर 'दगा दिला' असा आळ घ्यायची वेळ येत नाही.

दुसरी चूक प्रशिक्षकाची. झाबी अलोन्सोच्या लेव्हरकुसेननं २०२३-२४ मध्ये बुंडेसलीगाचे ३४ सामने एकही न हरता पहिलं विजेतेपद मिळवलं आणि बायर्नची सलग ११ वर्षांची मालिका तोडली. त्या मोसमात पुष्कळजण लेव्हरकुसेनचे झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात अलोन्सो रिआल माद्रिदला गेला, खेळाडूंपैकी व्हिर्ट्झ आणि फ्रिम्पाँग लिव्हरपूलला, टाह बायर्नला, झाका संडरलंडला. नवा प्रशिक्षक टेन हाग लीगचे दोन सामने होताच हटवला गेला. जर्सी तीच, मैदान तेच, बाकी जे आवडलं होतं ते सगळं निघून गेलं.

तिसरी चूक उगवत्या सूर्याला नमस्कार. मँचेस्टर युनायटेडला प्रशिक्षक फर्ग्युसनच्या हाताखाली १३ लीग विजेतेपदं मिळाली, शेवटचं २०१३ मध्ये. त्यानंतर दहाहून जास्त मोसम उलटले, पुढचं एकही आलं नाही. लेस्टरचं उदाहरण आणखी बोचरं: २०१६ मध्ये ८१ गुणांनी विजेते, २०२१ मध्ये इंग्लंडची कप स्पर्धा एफए कप, २०२३ मध्ये खालच्या विभागात, २०२४ मध्ये वर, २०२५ मध्ये पुन्हा खाली. याचा अर्थ हरणाराच धरायचा असा नाही. मुद्दाम दुबळा क्लब धरून त्याचा तोरा मिरवणं हाही डामडौलच.

सामने सुरू होण्याआधी एक संध्याकाळ वाचनाला द्यावी लागते, आणि वाचायचं ते करंडकांच्या याद्या नव्हेत. मालक कोण, मैदान कुणाच्या मालकीचं, आणि क्लबनं गेल्या पाच वर्षांत कसली शिक्षा भोगली, एवढंच. जर्मनीत ५०+१ नियमामुळे मताधिकाराचं पारडं सदस्यांच्या बाजूला राहतं. उभं राहून बघायच्या जागा तिथे टिकून आहेत त्या याच वातावरणात. डॉर्टमुंडच्या एकट्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास २५,००० लोक उभे असतात. आरबी लाइपझिग २००९ मध्ये स्थापन झाला आणि त्यानं मत देणारे सदस्य मोजकेच ठेवले. बाकीच्या क्लबांचे चाहते त्याच्या नावानं बोटं का मोडतात ते इथे कळतं. स्पेनमध्ये रिआल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक आणि ओसासुना हे सदस्यांच्या मालकीचे. त्यांतला बिलबाओचा अ‍ॅथलेटिक फक्त बास्क प्रदेशाशी नातं असलेले खेळाडू खेळवतो आणि तरी पहिल्या विभागातून कधी खाली गेलेला नाही. इंग्लंडमध्ये मालकांसाठीची चाचणी पार करणारा कुणीही क्लब विकत घेऊ शकतो: चेल्सी २००३, मँचेस्टर सिटी २००८, न्यूकॅसल २०२१.

मालकाचा मुद्दा नैतिकतेचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण व्यवहाराचा नक्की आहे. २०२३-२४ मध्ये तोट्याच्या मर्यादेचा नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे आधी १० गुण कापले गेले, अपिलात त्याचे ६ झाले, मग आणखी २ कापले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. म्हणजे क्लब मैदानावर काय करतो ते बघत असताना गुणतक्ता कचेरीत बदलतो. त्याहून वाईटही होतं. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब पैशाच्या घोळापायी ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला. विम्बल्डन या लंडनच्या फुटबॉल क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायची परवानगी मिळाली तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन काढला, तळातून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आणला. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी आपल्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा केली आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. आपल्या यादीतला क्लब त्या बारांत होता का, आणि असेल तर त्याच्या चाहत्यांनी त्या आठवड्यात काय केलं, हे शोधून वाचावं. क्लबची नाडी तिथे सापडते.

आता खरं काम, बघणं. हायलाइट्स अकरा फेऱ्या पूर्ण बंद. सामना ९० मिनिटांचा असला तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटं. हायलाइट्समध्ये त्यांतली तीन-चार दिसतात आणि नेमकी तीच, ज्यांत सगळे क्लब सारखे दिसतात. गोल सगळ्यांचेच सुंदर. फरक असतो तो गोल नसतानाच्या पाऊण तासात.

एका वहीत क्लबागणिक पान करायचं आणि सामन्यागणिक चार ओळी, जास्त नाही. पहिली ओळ पहिल्या पंधरा मिनिटांची: गोलकिक, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलरक्षक आपल्या गोलपुढून मारतो ती किक, कुठे जाते? २०१९ पासून गोलकिकचा चेंडू सहकाऱ्याला पेनल्टी क्षेत्राच्या आतच घेता येतो, त्यामुळे गोलरक्षक बाजूच्या बचावपटूला दोन पावलांवर चेंडू देतो की अर्ध्या मैदानापलीकडे भिरकावतो, यावरून क्लबला किती जोखीम पेलवते ते लगेच समजतं. तीन-चार गोलकिक पुरतात. दुसरी ओळ चेंडू गमावल्यानंतरच्या पाच सेकंदांची. जवळचे दोघे-तिघे चेंडूवर तुटून पडतात की सगळे मागे पळून रांग धरतात? तिसरी ओळ साठाव्या ते पंचाहत्तराव्या मिनिटाची: पाच बदली खेळाडूंपैकी कोण आधी येतो, आणि एक गोलनं पुढे असताना आघाडीवीर येतो की बचावपटू. चौथी ओळ कानांची. शून्य-शून्य असताना यजमानांचा एक सोपा पास चुकतो. त्या क्षणी मैदान कण्हतं, शिव्या देतं की गातच राहतं? हे ऐकायला समालोचनाचा आवाज कमी करावा लागतो. काही प्रक्षेपणांत नुसत्या मैदानाच्या आवाजाचा पर्याय असतो, तो दुसऱ्या अर्धात वापरावा. समालोचकानं आधीच ठरवलेली गोष्ट डोक्यातून उतरते आणि वहीतली वाक्यं बदलतात. हा फरक आम्हाला दर वेळी दिसला.

अडचणीही ठरलेल्या. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, म्हणून बचावफळी किती वर उभी आहे ते एरवी दिसतच नाही. गोलकिक आणि लांबची फ्री किक घेताना चौकट रुंदावते, तेव्हाच ती फळी बघून घ्यायची. दहाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालेला सामना वहीत लिहायचा पण निकालात धरायचा नाही. दहा जणांचा क्लब वेगळाच असतो. मोठ्या क्लबविरुद्धचा मधल्या क्लबचा सामना फसवतो, कारण तिथे कुणीही जीव तोडून पळतं. मधल्या क्लबची परीक्षा तळाच्या क्लबविरुद्ध घरच्या मैदानावर असते: समोरचे अकराच्या अकरा आपल्या गोलपुढे बसलेत, चेंडू सत्तर टक्के वेळ आपल्याकडे, आणि काही सुचत नाही. असा एक सामना तिन्ही क्लबांचा बघायलाच हवा. शिवाय प्रत्येकाचा एक दारुण पराभव आणि त्याच्या लगेच पुढचा सामना. त्या पुढच्या सामन्यात प्रशिक्षक किती जण बदलतो आणि कुणाला तसंच ठेवतो यातून जे कळतं ते पत्रकार परिषदेतून कळत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात कंटाळा येतो. आलाच पाहिजे. तेव्हा चारही ओळींत 'काही नाही' लिहायचं आणि बघत राहायचं. इथे सोडणारे सगळ्यांत जास्त, आणि सोडून ते जातात कुठे? गुणतक्त्यात जो वर असेल त्याच्याकडे.

गुणतक्त्याबद्दल थोडं. पाच फेऱ्यांपर्यंत तो फार बोलत नाही, कारण कुणाला सोपे प्रतिस्पर्धी आधी मिळालेले असतात. एक्सजी नावाचा आकडा, म्हणजे मिळालेल्या संधींतून सरासरीनं किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज, हल्ली प्रत्येक सामन्यानंतर तोंडावर फेकला जातो. एका सामन्यावरून तो वापरणं म्हणजे एका शिंकेवरून ताप ठरवणं. एकटी पेनल्टीच साधारण ०.८ ची असते. दोन पेनल्ट्या मिळालेला संघ सामनाभर झोपला असला तरी कागदावर वरचढ दिसतो. दहा सामन्यांची बेरीज, पेनल्ट्या वगळून, घेतली तर उपयोग होतो: गोल जास्त आणि एक्सजी बरंच कमी असेल तर ती गाडी पुढे मंदावण्याची शक्यता मोठी. गुण सारखे झाले तर काय, हेही आपल्या लीगपुरतं माहीत हवं. इंग्लंडमध्ये गोलफरक आधी. २०११-१२ मध्ये दोन्ही मँचेस्टर ८९ गुणांवर थांबले आणि सिटी ८ गोलांच्या फरकानं विजेते ठरले. स्पेनमध्ये आपसातले सामने आधी. २००६-०७ मध्ये रिआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण झाले, गोलफरक बार्सिलोनाचा चांगला होता, विजेतेपद माद्रिदला गेलं.

फँटसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ जमवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ, या अकरा फेऱ्यांत खेळावी की नाही, यावर आमच्यात एकमत कधी झालं नाही. प्रीमियर लीगच्या फँटसीत १०० दशलक्षांच्या खोट्या पैशांत १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीतले, ३ आघाडीवीर, एका क्लबचे तीनच. कप्तानाचे गुण दुप्पट, हक्काच्या बदलांपलीकडचा प्रत्येक बदल उणे ४, आणि फेरीच्या पहिल्या सामन्याआधी ९० मिनिटं दार बंद. फायदा असा की महिनाभरात वीसही क्लबांचे खेळाडू नावानं आणि जागेनं पाठ होतात. तोटा असा की तळाच्या क्लबचा आघाडीवीर आपला कप्तान असला की आपण त्याच्याच बाजूनं ओरडतो आणि वहीतल्या ओळी भ्रष्ट होतात. मधला मार्ग: यादीतल्या तिन्ही क्लबांचा एकही खेळाडू संघात घ्यायचा नाही.

स्ट्रीमवर बघणाऱ्यांसाठी एक यांत्रिक गोष्ट. इंटरनेटवरचं चित्र प्रत्यक्षाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे असू शकतं, गोल कळवणारं अ‍ॅप मात्र काही सेकंदांत वाजतं. सामन्याआधी स्कोअरची अ‍ॅप्स आणि गप्पांचे गट दोन्ही गप्प करावे लागतात. एक जरी चालू राहिलं तरी कॉर्नर घेतला जाण्याआधीच गोल कळलेला असतो.

ऑगस्टअखेर ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू घेण्या-देण्याची मुदत, बंद होते तेव्हा परीक्षेचा पहिला महिनाच चालू असतो आणि अफवांचा पूर लोटतो. बातमी कोणत्या पायरीवर आहे ते ओळखायला शिकलं की निम्मा गोंधळ कमी होतो. क्लबा-क्लबांत रक्कम ठरणं ही एक पायरी, खेळाडूशी पगार-मुदत ठरणं दुसरी, वैद्यकीय तपासणी तिसरी, कागदपत्रं आणि नोंदणी चौथी. 'रस आहे' ही पायरीच नव्हे. खेळाडूचा करार संपत आलेला असला की रस असलेल्या क्लबांची नावं फार सापडतात, कारण त्याच्या एजंटला पगार वाढवून हवा असतो. आणि चौथी पायरीही निसटते. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड दे हेआ माद्रिदला जाणार हे पक्कं झालं होतं. कागद वेळेत पोचले नाहीत आणि तो आणखी आठ वर्षं मँचेस्टरमध्येच राहिला. जाहीर झालेल्या रकमेत पुढच्या अटींवरचे पैसे धरलेत का, हेही बघावं. निम्मी भांडणं त्या एका आकड्यावरून होतात.

या काळात चाहत्यांच्या गटांत जायचं ते ऐकायला. नवखा माणूस तिथे तोंडावर आपटतो तो डावपेचांच्या अज्ञानामुळे नव्हे, इतिहासाच्या. ६ फेब्रुवारी १९५८ ची म्युनिकची मँचेस्टर युनायटेडची विमान दुर्घटना, २३ मृत्यू. १५ एप्रिल १९८९, हिल्सबरो मैदानावरची चेंगराचेंगरी, लिव्हरपूलचे ९७ चाहते. ४ मे १९४९, सुपेर्गाच्या टेकडीवर आदळलेलं विमान, इटलीच्या तोरिनोचा जवळजवळ सगळा संघ. १९८५, ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावरची दुर्घटना, ३९ मृत्यू, त्यांत बहुतेक युव्हेंटसचे चाहते. प्रतिस्पर्ध्याला डिवचायला या तारखांवरून विनोद करणारे लोक भेटतात. त्यांच्या हसण्यात सामील व्हायचं नाही आणि तो मजकूर पुढे पाठवायचा नाही. इंग्लंडच्या मैदानांवर अशा घोषणांबद्दल प्रवेशबंदी आणि खटला दोन्ही होऊ शकतात. वैरंही नकाशावरून ओळखू नयेत. क्रिस्टल पॅलेसचं सगळ्यांत कडवट वैर लंडनमधल्या शेजाऱ्याशी नाही, सत्तरेक किलोमीटरवरच्या ब्रायटनशी आहे.

नोव्हेंबरचा ब्रेक आला की दोन आठवडे क्लबांचे सामने नसतात. या पोकळीत निकाल लागतो. वही उघडून गुणांची बेरीज करायची नाही. त्यानं हमखास पहिल्या चारांतला क्लब वर येतो. बघायचं ते एवढंच: कोणत्या पानावर ओळी चाराच्या सहा-सात झाल्या आहेत? कोणत्या पानावर 'ते' ऐवजी 'आपण' लिहिलं गेलंय? कोणाच्या पराभवानंतर हस्ताक्षर बिघडलंय? एका पानावर तरी हे सापडतंच, आणि पुष्कळदा ते पान आपल्याला सापडावं असं वाटत होतं ते नसतं. तिन्ही पानं कोरडी असतील तर लीग चुकली आहे. वसंतात दुसरी लीग घेऊन पुन्हा बघावं, किंवा याच क्लबांचे महिला संघ घ्यावेत. इंग्लंडची विमेन्स सुपर लीग २०११ पासून चालू आहे, सामने मोजके असतात आणि एका क्लबचा पूर्ण मोसम बघणं तिथे खरोखर शक्य होतं. जो क्लब ठरला तो खालच्या विभागात गेला तर पुढच्या वर्षी सामने कुठे दिसतील, तेही त्याच आठवड्यात शोधून ठेवावं. इंग्लंडच्या दुसऱ्या विभागात २४ क्लब आणि ४६ सामने असतात. पहिले दोन सरळ वर जातात आणि त्यांच्या पाठचे काही क्लब तिसऱ्या जागेसाठी प्ले-ऑफ, म्हणजे बाद पद्धतीचे सामने, खेळतात.

जर्सी त्यानंतर. पहिली घेताना पाठीवर खेळाडूचं नाव छापू नये, कारण वर सांगितलंच आहे. खेळाडूंसाठीची आवृत्ती अंगाला चिकटणारी असते, चाहत्यांसाठीची सैल. माप घेताना लोक इथे फसतात. क्लबच्या सदस्यत्वाबद्दलही गैरसमज असतो. मोठ्या इंग्लिश क्लबांत सदस्यत्व म्हणजे तिकीट नव्हे, तिकिटाच्या सोडतीत नाव घालायचा हक्क. पाहुण्या संघाच्या वाट्याला ३,००० किंवा मैदानाच्या १० टक्के, यांतल्या कमी आकड्याइतक्याच जागा येतात आणि त्या वर्षानुवर्षं प्रवास करणाऱ्यांना आधी मिळतात. कधी प्रत्यक्ष गेलंच तर पाहुण्यांचे रंग घालून यजमानांच्या भागात बसू नये. दरवाजावरूनच परत पाठवतात. दोन्ही क्लबांचे रंग असलेला अर्धा-अर्धा स्कार्फ विकायला असतो. तो घेतला तरी कुणी हाकलत नाही, फक्त आजूबाजूचे बोलेनासे होतात.

जूनच्या मध्यावर पुढच्या मोसमाचं वेळापत्रक येतं. पहिल्याच दिवशी न निवडलेल्या दोन क्लबांविरुद्धच्या तारखा खुणेनं वेगळ्या कराव्यात. वर आलेला टिकला असेल तर चार, गेला असेल तर दोन. हे सामने बघायला सगळ्यांत अवघड जातात: त्यांचा गोलरक्षक गोलकिक कुठे मारणार, साठाव्या मिनिटाला बाकावरून कोण उठणार, सगळं आधीच माहीत असतं.